बहुचॅनेल किरणोत्सार डिटेक्टरसाठी कमी विजेवर चालणारी टायमिंग चिप: पहिल्यांदा डिझाइन करणाऱ्यांसाठी

एप्रिल २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळच्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली. तेव्हापासून आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक्सची मुलं एक चांगला प्रश्न विचारू लागली आहेत: विज्ञानाच्या उपकरणांमधल्या चिप आपल्याला करता येतील का? लायगो गुरुत्वीय लहरी मोजणार, तो विषय वेगळा. पण किरणोत्सार डिटेक्टरची टायमिंग चिप ही मात्र नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजातल्या तीन-चार जणांच्या गटाला खरोखर पेलणारी गोष्ट आहे. ट्रान्झिस्टर मोजके लागतात आणि १८० नॅनोमीटरसारखं जुनं तंत्रज्ञान पुरतं. शिवाय तपासायला लागणारे कण आकाशातून फुकट येतात. कॉस्मिक किरणांतले म्युऑन समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या हिशेबाने पडत असतात.

अशा चिपचं काम थोडक्यात असं. कण किंवा गॅमा किरण सिंटिलेटरमध्ये शिरला की प्रकाश चमकतो, सेन्सर त्याचा विद्युत पल्स करतो आणि चिपने सांगायचं असतं की हा पल्स नेमका केव्हा आला. 'केव्हा'ला किंमत का, हे दवाखान्यातल्या पीईटी (पेट) स्कॅनवरून कळतं. तिथे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. दोघांच्या पोहोचण्यातला फरक २०० पिकोसेकंदांपर्यंत अचूक मोजला, तर ते कुठून निघाले हे त्या रेषेवर ३ सेंटिमीटरच्या आत सांगता येतं.

आणि कमी वीज का? चॅनेलच्या, म्हणजे एकेका सेन्सरच्या सिग्नलच्या स्वतंत्र वाटेच्या, संख्येमुळे. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी आखलेल्या मोठ्या डिटेक्टरमध्ये सुमारे ३६ लाख चॅनेल धरले होते. चॅनेलला १० मिलिवॅट म्हटलं तरी ३६ किलोवॅट होतात, आणि ती सगळी उष्णता डिटेक्टरच्या अंगालाच. त्या प्रकल्पासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुस्पर्श' नावाची फ्रंट-एंड, म्हणजे सेन्सरचा सिग्नल सगळ्यात आधी घेणारी, चिप तयार केली. त्याही आधी कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने डिझाइन केलेली 'मानस' ही १६ चॅनेलची चिप आपल्याच देशात, सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये बनली आणि सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगात बसली. ती वेळ नव्हे, चार्ज मोजते. पण हे काम इथे होतं, झालेलं आहे, हे डोक्यात पक्कं असू द्या.

या लेखात एकच उदाहरण धरून चालतो: १६ चॅनेल, १८० नॅनोमीटर, १.८ व्होल्ट. प्लास्टिक सिंटिलेटरच्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना ३ बाय ३ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद प्रकाश टिपणारा सेन्सर. म्हणजे आठ पट्ट्यांची म्युऑन दुर्बीण.

पायरी १: वेळेचा जमाखर्च आधी मांडा

सिम्युलेटर उघडण्याआधी कागद घ्या. एकूण अनिश्चितता म्हणजे वेगवेगळ्या अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. समजा डिटेक्टरची स्वतःची अनिश्चितता १५० पिकोसेकंद आहे, फ्रंट-एंडचा जिटर (वेळेतली थरथर) ३० आणि क्लॉकचा १०. आता वेळेचं अंकात रूपांतर करणारा टीडीसी किती बारीक हवा?

टीडीसीची पायरी, म्हणजे त्याला ओळखू येणारा सगळ्यात छोटा वेळ, १०० पिकोसेकंदांची ठेवली, तर तिची अनिश्चितता १०० भागिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २९. एकूण बेरीज येते १५६. पायरी पाचपट बारीक करून २० पिकोसेकंदांवर आणली, तर बेरीज १५३. तीन पिकोसेकंदांसाठी तुम्ही पाचपट दाट डिले लाइन, तिची वीज आणि तिच्या कॅलिब्रेशनची कटकट विकत घेतली. नवशिक्या गटांचे रिपोर्ट चाळले की हीच गोष्ट वारंवार दिसते. टीडीसीचा आकडा देखणा असतो, पण समोरच्या डिटेक्टरला त्या आकड्याचा काही उपयोग नसतो. कमी विजेचं डिझाइन इथेच, या कागदावर निम्मं होतं. डिटेक्टरला स्वतःला जितकं कळतं, त्याच्यापेक्षा जास्त अचूकतेवर वीज घालवायची नाही.

पायरी २: फ्रंट-एंडला मात्र वीज द्या

वीज खर्चायची एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे चिपच्या तोंडावरचा पहिला ट्रान्झिस्टर. जिटर म्हणजे नॉइज भागिले पल्सचा चढ. नॉइज १ मिलिव्होल्ट आणि चढ नॅनोसेकंदाला २० मिलिव्होल्ट असेल तर जिटर ५० पिकोसेकंद. पुढे कितीही चांगला कम्पॅरेटर (पल्सने ठरावीक पातळी ओलांडली की सांगणारं सर्किट) लावला तरी इथे बसलेला जिटर निघत नाही.

अडचण सेन्सरच्या कॅपॅसिटन्सची आहे. ३ बाय ३ मिलिमीटरच्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरला काही शे पिकोफॅरड असतात. ५०० धरा. चिपचा इनपुट ५० ओहमचा ठेवला तर टाइम कॉन्स्टंट २५ नॅनोसेकंदांवर जातो आणि पल्सची धार बोथट होते. १० ओहम हवेत, म्हणजे ५ नॅनोसेकंद. साध्या कॉमन-गेट रचनेत इनपुट रेझिस्टन्स म्हणजे ढोबळमानाने जीएमचा (ट्रान्झिस्टरच्या ट्रान्सकंडक्टन्सचा) व्यस्त. १० ओहमसाठी १०० मिलिसीमेन्स जीएम लागेल. मध्यम इन्व्हर्जनमध्ये (ट्रान्झिस्टर ना अगदी मंद, ना पूर्ण जोरात चालू) दर अँपिअरमागे १५ सीमेन्स मिळतात असं धरलं तर ६.७ मिलिअँपिअर, म्हणजे चॅनेलला १२ मिलिवॅट. १६ चॅनेलचे १९२.

म्हणून रेग्युलेटेड कॉमन-गेट घ्या. मुख्य ट्रान्झिस्टरच्या गेटवर एक छोटा ॲम्प्लिफायर बसवायचा. त्याचा गेन ४ असला तर इनपुट रेझिस्टन्स पाचपट कमी होतो. मुख्य शाखेला २० मिलिसीमेन्स, म्हणजे १.३ मिलिअँपिअर पुरतात आणि काम सुमारे २.४ मिलिवॅट अधिक त्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या खर्चात भागतं. फक्त एक सांभाळा: हा फीडबॅक लूप आहे आणि त्याच्या तोंडाशी बाँडवायरचं, म्हणजे चिपला बाहेर जोडणाऱ्या बारीक तारेचं, इंडक्टन्स येतं, मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री. सिम्युलेशनमध्ये ते इंडक्टन्स आणि सेन्सरचं खरं मॉडेल, दोन्ही घालूनच लूपची स्थिरता बघा. नुसता आदर्श करंट सोर्स लावून बघितलेला सुंदर पल्स चिप आल्यावर घुमायला लागतो.

पायरी ३: थ्रेशोल्ड आणि खोटी जाग

मोठा पल्स थ्रेशोल्ड, म्हणजे कम्पॅरेटरची ठरवलेली पातळी, लवकर ओलांडतो, छोटा उशिरा, कण एकाच क्षणी आलेला असला तरी. याला टाइम वॉक म्हणतात. कॉन्स्टंट-फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर हा त्यावरचा जुना इलाज, पण चिपवर त्याला लागणारा ॲनालॉग डिले जागा आणि वीज दोन्ही खातो. सुरुवात करणाऱ्यांनी साधा लीडिंग-एज कम्पॅरेटर घ्यावा आणि पल्स थ्रेशोल्डच्या वर किती वेळ राहिला तेही मोजावं. त्या रुंदीवरून वॉकची दुरुस्ती नंतर कॉम्प्युटरवर होते.

आता या विषयातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वीज वाचवायची तर टीडीसी झोपलेला हवा आणि हिट, म्हणजे थ्रेशोल्ड ओलांडणारा पल्स, आली की जागा झाला पाहिजे. पण त्याला जागं कोण करतं? तुमची पट्टी २० बाय २० सेंटिमीटरची असेल तर खरे म्युऑन मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. उलट सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर अंधारातही आपणहून पल्स देत राहतो. खोलीच्या तापमानाला हे डार्क काउंट दर चौरस मिलिमीटरला सेकंदाला साधारण ५० हजार ते १ लाख, म्हणजे ३ बाय ३ च्या सेन्सरला साडेचार ते नऊ लाख. आणि दर ८-१० अंशांना ते दुप्पट होतात.

आता मे महिन्यातली नांदेड किंवा परभणीची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारा ४२-४३ वर, एसी नाही, सेन्सर प्रकाशबंद काळ्या पेटीत. २५ अंशांना नऊ लाख असलेला आकडा ४५ अंशांना ३६ लाखांवर जातो. समजा तुमचा टीडीसी एका हिटचं रूपांतर करायला ४०० नॅनोसेकंद घेतो. नऊ लाखांना तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ कामात आहे, ३६ लाखांना तो कायमचाच अडकलेला आहे. झोपायला वेळच नाही. वीजही वाचली नाही आणि खरा म्युऑनही निसटला. परदेशी डेटाशीट २०-२५ अंशांवरचे आकडे देतात. आपल्याला आपल्या उन्हाळ्यावर डिझाइन करायचं आहे.

उपाय दोन थ्रेशोल्डचा. खालचा कम्पॅरेटर एक-दोन फोटोइलेक्ट्रॉनवर (सेन्सरने टिपलेल्या एक-दोन प्रकाशकणांइतक्या पल्सवर) ठेवा, कारण अचूक वेळ पल्सच्या पायथ्याशीच मिळते. वरचा कम्पॅरेटर आठ-दहा फोटोइलेक्ट्रॉनवर ठेवा. तिथपर्यंत डार्क पल्स सहसा पोचत नाहीत, म्युऑन मात्र सहज पोचतो. खालच्याचं आउटपुट डिले सेलमधून ५ नॅनोसेकंद रोखून धरा आणि वरच्याने होकार दिला तरच टीडीसीपर्यंत जाऊ द्या. वेळ खालच्या थ्रेशोल्डची मिळते आणि जाग वरच्याने येते. तापमानाबरोबर डिले सेल सरकेल, पण आपण पट्टीच्या दोन टोकांमधला फरक घेतो, त्यामुळे दोन्ही चॅनेलमधलं सारखं सरकणं वजा होऊन जातं. उरते ती दोन सेलमधली तफावत. त्यासाठी हे सेल लेआउटमध्ये एकाच दिशेने आणि एकसारखे ठेवा.

प्रत्येक कम्पॅरेटरला स्वतःचा ५ किंवा ६ बिटचा ट्रिम डॅक (थ्रेशोल्ड थोडा वर-खाली करणारं सर्किट) द्यायला विसरू नका. मिसमॅचमुळे १६ चॅनेलचे थ्रेशोल्ड १६ ठिकाणी बसतात. ट्रिम नसेल तर सगळ्यात वाईट चॅनेल बघून सगळ्यांचाच थ्रेशोल्ड वर न्यावा लागतो.

पायरी ४: घड्याळ

नुसत्या काउंटरने १०० पिकोसेकंद मोजायचे तर १० गिगाहर्ट्झचा क्लॉक लागेल. तो नाद सोडा. काउंटर ढोबळ वेळ सांगेल आणि दोन ठोक्यांमधला बारीक वेळ इंटरपोलेटर सांगेल.

क्लॉकच्या विजेचा हिशेब तोंडपाठ असावा: कॅपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी. १.८ व्होल्टला, चॅनेलमागे क्लॉकच्या तारेवर १ पिकोफॅरड असेल तर ३२० मेगाहर्ट्झला १.०४ मिलिवॅट जातात. एकही कण आलेला नसताना. सगळ्या चिपभर क्लॉक मोकळा सोडणं म्हणजे पाटाने पाणी देणं. इथे ठिबक लागतं. ग्रे-कोड काउंटर संपूर्ण चिपमध्ये एकच ठेवा. ग्रे कोडमध्ये एका ठोक्याला एकच बिट बदलतो, त्यामुळे वीजही कमी आणि वाचताना अर्धवट बदललेला आकडा मिळण्याचा धोकाही नाही.

बारीक वेळेसाठी चॅनेलमागे एक गेटेड रिंग ऑसिलेटर, म्हणजे हवं तेव्हाच फिरणारी डिले सेलची साखळी, सुचवतो. हिट आली की रिंग सुरू होते, क्लॉकच्या ठोक्याला थांबते, बाकी वेळ निपचित. १८० नॅनोमीटरमध्ये १०० पिकोसेकंदांची पायरी आरामात मिळते. सगळ्या चिपसाठी एकच डिले-लॉक्ड लूप (क्लॉकशी जुळवून ठेवलेली डिले सेलची रांग) ठेवण्याचा दुसरा मार्ग जास्त स्थिर आहे, पण तो अखंड चालतो आणि त्याचे सगळे टॅप सोळाही चॅनेलपर्यंत न्यावे लागतात. हिटचा दर प्रचंड असेल तिथे तो बरोबर ठरतो. सेकंदाला सात म्युऑनसाठी नाही.

हिट आणि क्लॉक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, त्यामुळे मेटास्टेबिलिटी, म्हणजे फ्लिप-फ्लॉपचं ० आणि १ च्या मध्येच घुटमळणं, येणारच. रिंग थेट पहिल्या ठोक्याला थांबवू नका. हिट दोन फ्लिप-फ्लॉपमधून सिंक्रोनाइझ करा, आणि जो सिंक्रोनाइझ झालेला सिग्नल रिंग थांबवतो त्यानेच काउंटरचा आकडाही लॅच करा. मग ढोबळ आणि बारीक वेळ एकाच ठोक्याशी बांधलेले राहतात. नाहीतर मधूनच एखादं माप पूर्ण एका क्लॉकने चुकतं आणि हिस्टोग्रामच्या बाजूला भुतासारखी छोटी टेकडी उभी राहते.

आता फ्रिक्वेन्सी. वीज वाचवायला ८० मेगाहर्ट्झ घ्यावा असं वाटेल, चॅनेलला फक्त ०.२६ मिलिवॅट. पण तेव्हा रिंगला एक ते दोन ठोके, म्हणजे २५ नॅनोसेकंदांपर्यंत धावावं लागतं. त्या काळात पुरवठा १८ मिलिव्होल्टने, म्हणजे १ टक्क्याने दबला तर रिंगही सुमारे तेवढ्याच टक्क्याने मंदावते आणि २५० पिकोसेकंद हातचे जातात. आपलं सगळं बजेट १५६ चं आहे. ३२० ला हीच चूक ६२ वर येते, पण क्लॉकची वीज चौपट. मी १६० घेईन: ०.५२ मिलिवॅट, जास्तीत जास्त १२.५ नॅनोसेकंदांची धाव. आणि पुरवठ्याचं दबणं ५ मिलिव्होल्टच्या आत ठेवेन, म्हणजे चूक ३५ पिकोसेकंदांच्या आसपास राहते.

पायरी ५: लेआउट

ते ५ मिलिव्होल्ट लेआउटमध्ये कमवावे लागतात. रिंगचा पुरवठा वेगळ्या पिनवरून आणा आणि प्रत्येक चॅनेलमध्येच डिकपलिंग कॅपॅसिटर भरा. ॲनालॉग पुरवठा, डिजिटल पुरवठा आणि आउटपुट ड्रायव्हर, तिघांच्या तारा चिपच्या आत कुठेही एकत्र येऊ देऊ नका. सेन्सरच्या इनपुटजवळून क्लॉकची तार गेली तर क्लॉकचा ठोका थेट थ्रेशोल्डवर दिसतो.

एक सिम्युलेशन कधीही चुकवू नका. आधी फक्त चॅनेल ८ वर हिट द्या आणि वेळ नोंदवा. मग सोळाही चॅनेलवर एकाच क्षणी हिट द्या आणि चॅनेल ८ ची वेळ पुन्हा बघा. दोन्हीतला फरक बजेटमध्ये बसतो का? एकेका चॅनेलचं सिम्युलेशन कितीही केलं तरी हा दोष त्यात दिसत नाही, कारण तो शेजाऱ्यांमुळे येतो. हे पोस्ट-लेआउट नेटलिस्टवर (लेआउटमधून काढलेल्या सर्किटवर), पुरवठ्याच्या तारांच्या रेझिस्टन्ससकट करा. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी पुरेल ना एवढं संध्याकाळीच बघून घ्या.

कॉर्नर, म्हणजे ट्रान्झिस्टर कसे बनतील याच्या टोकाच्या शक्यता, नेहमीचेच: संथ, वेगवान, मधला. तापमान १० ते ६५ अंश घ्या. उन्हाळ्यात बंद पेटीतला बोर्ड ६० च्या घरात जातो.

पायरी ६: साधनं कुठून आणायची

तुमची संस्था केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात असेल तर बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत व्यावसायिक डिझाइन सॉफ्टवेअर मिळतं आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप बनवून घेण्याचा रस्ताही आहे. विभागप्रमुखांना आधी हेच विचारा. नसेल तर अडून बसू नका. स्कायवॉटर या चिप कारखान्याचा १३० नॅनोमीटरचा पीडीके (डिझाइनला लागणारी मॉडेल आणि नियमांचा संच) २०२० पासून खुला आहे. एक्सस्केममध्ये सर्किट, एनजीस्पाइसमध्ये सिम्युलेशन, मॅजिक किंवा केलेआउटमध्ये लेआउट, सगळं साध्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये चालतं. वरचे सगळे हिशेब त्या पीडीकेवरही करता येतात, आकडे थोडे बदलतील.

टेपआउटची (डिझाइन कारखान्यात पाठवायची) तारीख लांब असेल तर मधल्या काळात एफपीजीए या हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या तयार चिपच्या कॅरी चेनवर चार चॅनेलचा टीडीसी उभा करा. वीज जास्त खातो, पण कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर आणि डेटा वाचायची सवय दोन्ही चिप यायच्या आधी तयार होतात.

पायरी ७: चिप हातात आल्यावर

सेन्सर लगेच जोडू नका. त्याला जातीप्रमाणे साधारण २५ ते ६० व्होल्टचा बायस (चालवायचं व्होल्टेज) लागतो आणि तो चुकून इनपुटवर आला तर चॅनेल जळतो. आधी प्रत्येक पुरवठ्याचा करंट मोजा आणि सिम्युलेशनशी ताडून बघा. मग टेस्ट पल्स. १०० फेम्टोफॅरडच्या कॅपॅसिटरवर १ व्होल्टची पायरी दिली की १०० फेम्टोकुलंब आत जातात. तोच पल्स दोन चॅनेलना द्या आणि वेळेतल्या फरकाचा हिस्टोग्राम काढा. त्याची रुंदी भागिले २ चं वर्गमूळ म्हणजे एका चॅनेलचा जिटर.

रिंगचं कॅलिब्रेशन दोन प्रकारे. पहिलं रोजचं: तीच टेस्ट हिट एकदा एका ठोक्याला आणि एकदा पुढच्या ठोक्याला थांबवा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे बरोबर ६.२५ नॅनोसेकंद, त्यावरून एका पायरीची सरासरी किंमत निघते. दुसरं सविस्तर: क्लॉकशी संबंध नसलेल्या भरपूर हिट द्यायच्या आणि कोणत्या पायरीत किती पडल्या ते मोजायचं. ज्या पायरीत जास्त पडल्या ती रुंद. पायरीमागे १० हजार हिट मिळाल्या की रुंदी १ टक्क्यापर्यंत कळते. आणि या हिट आणायच्या कुठून? ज्यांनी इतका त्रास दिला ते डार्क काउंट इथे कामाला येतात. वरचा थ्रेशोल्ड तात्पुरता खाली आणा, काही सेकंदांत लाखो हिट जमतात. रेडिओॲक्टिव्ह सोर्स आणायची, त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम सांभाळायची गरज पडत नाही.

शेवटी हे सगळं दिवसातून दोनदा करा, सकाळी सातला आणि दुपारी तीनला. पेटीत सेन्सरशेजारी एक तापमान सेन्सर चिकटवा आणि डेटाच्या प्रत्येक फाइलमध्ये तो आकडा जाऊ द्या. रिंगचा डिले २० अंशांत २ टक्के जरी सरकला तरी १२.५ नॅनोसेकंदांवर २५० पिकोसेकंद होतात, त्यामुळे सकाळचं कॅलिब्रेशन दुपारच्या डेटाला लावू नका. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचं ब्रेकडाउन व्होल्टेजही (ज्याच्या वर तो पल्स देऊ लागतो ते) अंशाला वीस-पन्नास मिलिव्होल्टने वर जातं. बायस तसाच ठेवला तर गेन घटतो आणि तोच थ्रेशोल्ड दुपारी जास्त फोटोइलेक्ट्रॉनवर बसतो. तापमानाप्रमाणे बायस हळूहळू वाढवणारा छोटा प्रोग्रॅम मायक्रोकंट्रोलरवर लिहा आणि दुपारचा हिस्टोग्राम सकाळच्यावर ठेवून बघा. शिखरांची जागा जुळली, रुंदी वाढली नाही आणि चॅनेलमागची वीज दोन्ही वेळा सारखीच भरली, तर म्युऑनचा खरा डेटा घ्यायला सुरुवात करा.